पितळ, वजनावर

रेंज हिल्सच्या मागे गटारीसाठी जेसीबीनं चर खणला
तेव्हा दोन हातांवर काळा थर लागला.
राख, बाटल्यांच्या माना, घोड्याच्या नालाचा अर्धा तुकडा,
आणि मग पितळ.
पोरांनी ते सिमेंटच्या रिकाम्या पोत्यात भरलं
आणि बुधवारी जुन्या बाजारात
हुसेनबीच्या तागडीत ओतलं.

हुसेनबीला वाचता येत नाही.
तिला पितळ कळतं, तांबं कळतं, जस्त तिला फसवू शकत नाही.
पट्ट्याचं बक्कल, टोपीवरचं शिंग, खांद्यावरची अक्षरं,
सगळं एका भावात.
‘किलोचे साडेपाचशे, मास्तर. माती पण तोलली जाईल.’
मी मास्तर नाही. चष्म्यामुळे म्हणते.
मी खडकीच्या फॅक्टरीत टर्नर होतो, चौतीस वर्षं.

मातीसकट घरी आणलं.
तांबट आळीतला भालचंद्र कर्डे
वस्तूला हात लावायच्या आधी तिचा वास घेतो.
म्हणाला, चिंच लावू नकोस, लिंबू तर मुळीच नको.
शंभर वर्षांचा कळंक आहे,
तो आता पितळाचाच झाला.
आई म्हणायची, कल्हई उडाली की ताक कळकतं.
इथं काय कळकलं असेल,
ते कर्डेला विचारलं नाही.

जुना टूथब्रश, वाटीभर पाणी, खाली शिळा पेपर.
सून म्हणते, भाताच्या पातेल्याजवळ नको.
बरोबर आहे तिचं.

कापड जाळलं असणार.
बसऱ्याहून आलेला ताप, उवा, वाळलेलं रक्त,
एका खड्ड्यात रॉकेल ओतून
कुणीतरी हुकूम पाळला असणार.
लोकर गेली, शिवण गेली.
एका बटणाच्या कडीत मात्र दोऱ्याचे दोन पेड
कोळशासारखे ताठ उभे.
टाका शिंप्याचा नाही, इतका वेडावाकडा.
ज्यानं घातला
त्याच्या हाताला सुईची सवय नव्हती.

काल रात्री एक शिंग उलटं केलं.
मागे खिळ्यानं कोरलेला आकडा, ७१४.
आपलेच आकडे, साताचं पोट जरा मोठं.
त्यावर एक आडवी रेघ.
खाली दुसऱ्याच हातानं, घाईत, १०३९.

भिंग ठेवून दिलं.
एकच शिंग, दोन डोकी.
७१४ सुटून गावी गेला, मावळात भात लावू लागला,
असं मी ठरवून टाकलं.
पण रेघ खोल आहे.
लेथवर आयुष्य काढलेल्या माणसाला
किती जोर लागला ते कळतं.

फॅक्टरीत माझंही एक पितळी टोकन होतं, २१८६.
मला मिळालं तेव्हाच कडेनं झिजलेलं.
आधी कुणाचं, हे विचारायची पद्धत नव्हती.
सकाळी खुंटीवरून काढायचं, संध्याकाळी खुंटीला लावायचं,
मधल्या वेळात पुंगळ्या कातायच्या,
एकीसारखी दुसरी, केसाचाही फरक नाही.
त्या कुठं रिकाम्या झाल्या, कुणापुढे झाल्या,
कुणी कोरून ठेवलं नाही.
निवृत्तीच्या दिवशी टोकन खिडकीत ठेवलं.
कारकुनानं सही घेतली, ड्रॉवर ढकलला.
आत बऱ्याच टोकनांवर ते पडल्याचा आवाज आला.

आता बिस्किटांच्या डब्यात अडतीस नग आहेत.
वहीत नोंद आहे: नग, वजन, खोली.
‘कुणाचा’ असा एक रकाना आखला होता,
त्यात सुनेनं परवा दुधाचा हिशेब मांडला.
मी खोडला नाही.

दर बुधवारी जातो अजून.
हुसेनबी पोतं उघडते, मी कुरकुरत उकिडवा बसतो,
शिंगं बघतो, बटणं बघतो,
आणि मध्येच गोल, कडेनं झिजलेलं काही हाताला लागलं
की वर न बघता अंगठा फिरवतो.
दोन. एक. आठ.

हे तिला सांगितलेलं नाही.
भाव वाढवेल.